संशयी डबी

वीज आणि मी यांच्यात पहिल्यापासून छत्तीसचा आकडा आहे. घरातला दिवा गेला की इतर घरांतले पुरुष स्टुलावर चढतात. मी बिल भरल्याची पावती शोधतो. बी. कॉम. झालेल्या माणसाचे विजेचे ज्ञान बिलावरच्या गुणाकारापुरते असावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. एकदा, आयुष्यात एकदाच, मी फ्यूजची तार घालायला गेलो होतो. त्या रात्री आमच्याकडेच नव्हे, तर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातही मेणबत्त्या जळत होत्या आणि सकाळी 'वहिनी, यांना पुन्हा काही करू देऊ नका' असा निरोप खाली आला होता. तेव्हापासून घरात नुसता बल्ब बदलायचा असला तरी ही मला कोथिंबीर आणायला बाजारात पाठवते.

असा मी, जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एका पत्र्याच्या कपाटापुढे सबंध शनिवार उभा होतो, हे कोणाला सांगून पटायचे नाही. हिला अजून पटत नाही. आणि पाठवले होते तर तिनेच!

त्याचे असे झाले. बँकेने माझी बदली जालन्याला केली. जालना हे हिचे माहेर. सासुरवाडीच्या गावी बदली ही आमच्या सेवानियमांत शिक्षा म्हणून नोंदलेली नाही, एवढेच. 'जालना, सोने का पालना' अशी या गावाची जुनी ख्याती. हल्ली पाळण्यात सोन्याऐवजी लोखंड निजते. देशभरातले भंगार इथल्या भट्ट्यांत वितळते आणि त्याच्या सळया होऊन लोकांच्या स्लॅबमध्ये जातात. दुसरे नाव बियाण्यांचे. महिको कंपनी इथे १९६४ साली निघाली. त्यामुळे माझ्या काउंटरवर एका हाताने सळईवाला आणि दुसऱ्या हाताने बियाणेवाला चेक पुढे करीत असतो, आणि मोसंबीचा हंगाम असला तर मधून बागाईतदार डोकावतो.

माझा धाकटा मेव्हणा एमआयडीसीत पॅनेलचे काम करतो. पॅनेल म्हणजे मी बरीच वर्षे युनियनच्या निवडणुकीतले समजत होतो. प्रत्यक्षात ते पत्र्याचे कपाट असते. आत कपड्यांऐवजी तारा टांगलेल्या असतात, आणि आमच्या घरातल्या कपाटापेक्षा फार नीट टांगलेल्या असतात. त्या शनिवारी मेव्हण्याचा मदतनीस चुलतभावाच्या साखरपुड्याला म्हणून गेला, तो तिथेच लग्न लागल्यामुळे अडकला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद ठेवायचे २०१५ साली ठरले, त्यात बायकांचा हात असावा असा मला दाट संशय आहे.

''यांना ने की,'' ही भावाला म्हणाली, ''नाही तरी लोळतच पडलेले असतात. लिहिता-वाचता येतं यांना.''

मेव्हण्याने माझ्याकडे, आम्ही तारणाला आलेल्या जुन्या ट्रॅक्टरकडे पाहतो तसे, सगळीकडून पाहिले. ''चला भाऊजी,'' तो म्हणाला, ''फक्त मी सांगितल्याशिवाय कशाला हात लावू नका.'' हे वाक्य हिचेही आवडते आहे. घराण्यातच असावे.

शेडमध्ये एक पॉवर प्रेस होती. आपल्याकडे प्रेस म्हणजे एक तर छापखाना, नाही तर इस्त्री. ही तिसरी. दोन पुरुष उंचीचा एक लोखंडी सांगाडा, बाजूला बैलगाडीच्या चाकाएवढे जड चाक, आणि मधोमध एक ठोकळा वरून खाली येणार, पत्र्याच्या तुकड्यावर बसणार, की झाला आकार तयार. धडाक! पुन्हा पत्रा ठेवा, पुन्हा धडाक. पत्रा ठेवायचा माणसाच्या हाताने आणि धडाक करायचे यंत्राने. सगळी भानगड या दोहोंच्या वेळापत्रकात आहे. पुण्याच्या गिऱ्हाईक कंपनीचा तपासनीस येऊन बजावून गेला होता, की या प्रेसला नीट सुरक्षा बसवा, मगच पुढची ऑर्डर. म्हणून मेव्हण्याला बोलावणे आले होते.

सुरक्षा तीन प्रकारची. दोन्ही बाजूंना जाळीची दारे. दार उघडे तर प्रेस बंद. पुढे-मागे पिवळ्या पाटीवर मशरूमसारखी लाल बटणे. मारली थाप की प्रेस बंद. आणि समोर, जिथे माणूस उभा राहतो तिथे, पडदा. हा पडदा ऐकून मी सकाळी हिला सांगून ठेवले होते, की कापड उरले तर आणीन. पण तो प्रकाशाचा निघाला. दोन उभ्या काठ्या, एकीतून दुसरीत न दिसणारे किरण. मध्ये बोट गेले की प्रेस थांबली पाहिजे. तो प्रेसपासून किती लांब लावायचा, यालाही हिशेब आहे. माणसाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने आत जातो असे जागतिक मानकात धरलेले आहे. प्रेसला थांबायला पाव सेकंद लागत असेल तर पडदा निदान अर्धा मीटर अलीकडे हवा. जवळ लावला तर प्रेस थांबायच्या आत हात पोचतो. सेकंदाला दोन मीटर! हे मानक ठरवताना कोणीही आमच्या शाखेत येऊन गेलेले नाही, हे उघड आहे.

''आणि जुन्या चावीच्या क्लचची प्रेस असती,'' मेव्हणा म्हणाला, ''तर पडदा लावून काही उपयोग नव्हता. ती एकदा सुटली की खाली येऊनच थांबते. ही हवेच्या क्लचची आहे म्हणून जमतं.''

मी मान डोलावली. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला न कळलेल्या गोष्टीवर मान डोलावणे शिकवावे लागत नाही.

माझ्याकडे काम आले ते फेरूल घालायचे. फेरूल म्हणजे आकडा छापलेल्या छोट्या पिवळ्या नळ्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा ओवायचा, म्हणजे कपाटातले १६ नंबरचे टोक बाहेर कुठे निघते ते कळते. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. ही तर चक्क द्विनोंदी पद्धत! एका टोकाला नावे, दुसऱ्या टोकाला जमा, आकडा तोच. याला वायरिंग म्हणतात हे मला लहानपणीच कोणी सांगितले असते तर ती फ्यूजची रात्र टळली असती. मी भराभर आकडे ओवू लागलो. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर आदर दिसू लागला. तो कसा मावळला ते पुढे येईलच.

कपाटात ओळीने तीन डब्या बसवल्या होत्या, काडेपेटी उभी केल्यासारख्या, जरा मोठ्या. लाल बटणांची एक, दारांची एक आणि पडद्याची एक. याला सेफ्टी रीले म्हणतात. जर्मनीतल्या पिल्झ कंपनीने अशी पहिली डबी १९८७ साली बाजारात आणली. त्याआधी हेच काम सुटे रीले एकमेकांना जोडून, कपाटभर तारांचा गुंता करून चाले. सगळी मिळून वीतभरसुद्धा नाही, मग एवढी किंमत कशाची, असे मी विचारले.

''संशयाची,'' मेव्हणा म्हणाला. ''ही डबी कोणावर विश्वास ठेवत नाही. बटणावर नाही, तारेवर नाही, माझ्यावर नाही. स्वतःवर पण नाही.''

मी आमच्या हेड ऑफिसच्या तपासणी खात्याला इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

पहिला धडा लाल बटणाचा. माझी समजूत अशी, की बटण दाबले म्हणजे वीज धावत जाऊन 'थांबा' म्हणून सांगत असेल. तर सगळे उलटे! बटण दाबलेले नसताना त्यातून चोवीस व्होल्टची वीज सारखी फिरत असते, आणि दाबले की तुटते. म्हणजे तार उंदराने कुरतडली, स्क्रू सैल झाला, तरी डबी तोच अर्थ काढते, की काहीतरी झाले, थांबवा. मला आमचे घर आठवले. मी शिकायला बाहेरगावी होतो तेव्हा वडील म्हणत, पत्र आले नाही म्हणजे मुलगा खुशाल आहे असे समजावे. आईचे वायरिंग निराळे होते. पत्राला एक दिवस उशीर झाला की ती देव पाण्यात घालून बसायची. आम्ही सगळे तिला हसायचो. जर्मन लोकांनी यंत्रासाठी शेवटी आईचीच पद्धत घेतली.

दुसरा धडा दोन वाटांचा. प्रत्येक बटणातून एक नव्हे, दोन स्वतंत्र तारा डबीत येतात. दोन्ही सांगतील तरच डबी प्रेसला मोकळीक देणार. एक म्हणते ठीक आहे आणि दुसरी गप्प, तर डबी रुसून बसते. हे मात्र मेव्हण्याला समजावून सांगावे लागले नाही. आमच्या तिजोरीच्या खोलीला दोन चाव्या असतात, एक रोखपालाकडे आणि एक अधिकाऱ्याकडे, आणि एका चावीने ती उघडत नाही. यात रोखपाल चोर आहे असे कोणी म्हणत नाही. पण तो नाही हे गृहीत धरून कुलूप करायचे नसते.

तिसरे, त्या डबीच्या पोटातले पॉइंट. जास्त वीज गेली की धातूचे पॉइंट कधी कधी वितळून चिकटतात, आणि चिकटलेला पॉइंट 'बंद कर' म्हटले तरी वीज सोडत राहतो. म्हणून या रीलेत सगळे पॉइंट एकाच दांडीला बांधलेले असतात. एक अडकला की बाकीच्यांना हलता येत नाही, आणि पुढच्या खेपेला डबी प्रेस सुरूच होऊ देत नाही. ''म्हणजे युनियन!'' मी ओरडलो. एकावर प्रसंग आला की सगळ्यांचे काम बंद. मेव्हणा म्हणाला की त्याने पंधरा वर्षांत हे इतक्या थोडक्यात कोणाकडून ऐकले नव्हते. तो हे मनापासून म्हणाला की नाही ते मी पाहिले नाही.

डबीच्या पुढे दोन मोठे कॉन्टॅक्टर, एकामागे एक, कारण एक चिकटला तर दुसऱ्याने तरी तोडावे. आणि ते दोघे खरोखर सुटले का, याची पोच उलट तारेने डबीकडे येते. पोच आल्याशिवाय पुढचा व्यवहार नाही. सगळ्यात मला आवडले ते निळे रीसेटचे बटण. ते दाबले म्हणजे प्रेस सुरू होत नाही. सुरू करायची नुसती परवानगी मिळते, सुरू करायला निराळे बटण. कर्ज मंजूर होणे आणि कर्ज हातात पडणे यांत जो फरक आहे तोच. शिवाय रीसेट दाबून सोडावे लागते, सोडले की मगच डबी ते मान्य करते. कोणी बटणात आगकाडी खोचून ते कायमचे दाबून ठेवले तर उपयोग नाही.

''आगकाडी कोण कशाला खोचेल?'' मी विचारले.

मेव्हणा काही बोलला नाही. त्याने प्रेसच्या बाजूच्या दाराकडे बोट केले. दाराला जुना एक स्विच होता. दारावर एक लोखंडी जीभ, चौकटीवर तिचे भोक. दार लागले की जीभ भोकात जाते आणि स्विचला कळते की दार लागले. तर ती जीभ दारावरून सोडवून भोकात घातलेली होती आणि सुतळीने बांधून टाकली होती. दार सताड उघडे, आणि स्विच बिचारा समजत होता की बंद आहे.

मला हसू आले. खरे सांगायचे तर कौतुकच वाटले. शे-दोनशे रुपयांचा स्विच आणि चार आण्यांची सुतळी! हल्ली चार आणे चालत नाहीत, पण सुतळीला दुसरे चलन शोभत नाही. नगावर पैसे मिळतात तिथे दर नगामागे दार उघडायचे आणि लावायचे म्हणजे दिवसाकाठी किती नग बुडतात, हा हिशेब तर मला तोंडी करता येतो. मी तो केलासुद्धा. ''डोकं आहे लेकाचं,'' असे मी म्हणणार, एवढ्यात मला सुतळीवरून दुसरेच काही आठवले.

साधारण वर्षापूर्वीची गोष्ट. सोमवार, अकराची वेळ, माझ्या काउंटरपुढे वीसेक माणसे. पैसे काढायची स्लिप खिडकीतून आत आली. खातेदार सही न येणारा. मी मान वर न करता शाईचे पॅड पुढे सरकवले आणि म्हणालो, ''डाव्या हाताचा अंगठा.'' दिवसातून दहा वेळा म्हणतो. पॅड तसेच राहिले. मी पुन्हा म्हणालो, जरा जोरात, मागे रांग होती, ''डावा, डावा अंगठा!''

तेव्हा काचेखालून एक हात आत आला आणि पॅडशेजारी टेबलावर उताणा राहिला. त्याला करंगळी होती आणि तिच्या शेजारचे बोट होते.

''उजवा चालन का साहेब?'' तो माणूस म्हणाला. चूक त्याची असल्यासारखा म्हणाला.

बदनापूरकडचा माणूस, पन्नाशीचा. मी उठून उभा राहिलो. का ते मला माहीत नाही. रिझर्व्ह बँकेचे यासाठी परिपत्रक आहे. आजारी, वृद्ध किंवा अपंग खातेदाराच्या हाताच्या, नाही तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, आणि तो बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी ओळखावा, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. नोकरीला लागलो तेव्हा पायाच्या अंगठ्याचे वाचून आम्ही तिघे कारकून कँटीनमध्ये पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी मी ते परिपत्रक बाहेर काढून मॅनेजरांसमोर ठेवले. उजव्या अंगठ्याचा नवा नमुना घेतला. साक्षीदार म्हणून मॅनेजर आणि रांगेतला एक ओळखीचा दुकानदार. सगळे होईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. रांगेतले एरवी आमच्या घड्याळाकडे बघत असतात. त्या दिवशी कोणी पाहिले नाही.

मी त्याला विचारले, कशात गेला. म्हणाला, प्रेसमध्ये. कोणत्या कारखान्यात ते त्याने सांगितले, ते इथे नको. दाराला सुरक्षेचे काही नव्हते का, असे मी उगीच मोठ्या माणसासारखे म्हणालो.

''व्हतं ना साहेब. स्विच व्हता.'' त्याने उजव्या अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसली. ''म्याच बांधला व्हता. सुतळीनं. मंग नावं कोनाला ठेवू?''

मालक पाहत नव्हता का, सुपरवायझर कुठे होता, महिन्याचे नग कोणी ठरवले होते, हे प्रश्न मला घरी गेल्यावर सुचले. १९४८ साली, म्हणजे मराठवाडा निजामाच्या हातून सुटला त्याच वर्षी, कारखान्यांचा कायदा झाला आणि यंत्राच्या धोक्याच्या भागांना भक्कम कुंपण घालायची जबाबदारी त्याच्या २१व्या कलमाने कारखानदारावर टाकली.  पण त्या माणसाने सगळा हिशेब स्वतःच्या नावे टाकून खाते बंद केले होते.

हे आठवून मी शेडमध्ये गप्प झालो. प्रेसवरचा पोरगा तिथेच बसून मोबाईल पाहत होता. विशीचा, ओठावर नुकती मिसरूड. मी त्याची बोटे मोजली. नोटा मोजायचा हात, एकदा मोजून भागत नाही; दोनदा मोजली. दहा भरली.

''याला सुतळी चालणार नाही ना?'' मी मेव्हण्याला विचारले, जरा मोठ्यानेच.

''याला नाही.'' त्याने नवा स्विच दाखवला. त्याला जीभ नाही, भोक नाही. दारावरच्या जोडीदाराची सांकेतिक ओळख पटली तरच मानतो. साधे चुंबक धरून तो फसत नाही. जोडीदार असा जागी बसवायचा की साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाही. ''पण भाऊजी, माणूस डोकेबाज. उद्या कोणी इथे कपाटातच तार टाकून डबीला बायपास करेल. म्हणून कपाटाला कुलूप. चावी मालकाकडे.''

''आणि मालकच म्हणाला, आज ऑर्डर जायची आहे, काढ रे डबी?''

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिले. ''त्याचा रीले अजून निघायचाय,'' तो म्हणाला.

आणि मग मला माझा किबोर्ड दिसू लागला. आता संगणकाच्या बँकेत नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. दोन वाटा, दोन चाव्या. नोंद मी करतो. मंजूर करणारे आमचे अधिकारी साडेअकराला चहाला जातात, ते कधी कधी बारा वाजता येतात. रांग ओरडते. म्हणून त्यांनी त्यांचा पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून मला देऊन ठेवला होता, आणि मी तो किबोर्डच्या खाली चिकटवला होता. सेलोटेपने. सुतळी मिळाली नव्हती म्हणून.

चार वाजता सगळे जोडून झाले. मेव्हण्याने वीज दिली. डब्यांवर हिरवे दिवे लागायला हवे होते. दारांच्या डबीवर लागले, पडद्याच्या डबीवर लागले, लाल बटणांच्या डबीवर एक लागला आणि दुसरा लागेना. मेव्हण्याने रीसेट दाबले, सोडले. डबी ढिम्म. पुन्हा दाबले. नाही म्हणजे नाही. त्याने मीटर घेतले आणि एकेक टोक तपासू लागला. अर्धा तास गेला. मग तो थांबला, एक तार दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेली, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, ''भाऊजी, हा आकडा काय आहे?''

''एकोणीस.''

''आणि उलटा धरल्यावर?''

इंग्रजी सहा उलटा केला की नऊ होतो. मराठी आकड्यांत ही सोय नाही. मराठी सहा फार तर आरशात तीन दिसतो. मी सोळाच्या दोन नळ्या ओवताना सहाची नळी उलटी ओवली होती, आणि खरा एकोणीस दुसरीकडे होताच. त्यामुळे लाल बटणाची दुसरी वाट कॉन्टॅक्टरच्या पोचेच्या जागी गेली होती आणि पोच बटणाच्या जागी. वीस वर्षांची नोकरी, लाखोंचे ताळे जुळवलेले, आणि चूक कुठे तर आकडा लिहिण्यात! बँकेत ही चूक संध्याकाळी सापडते, कधी मार्चअखेरीला, आणि कधी सापडतच नाही. डबीने ती यंत्राचे चाक फिरण्याआधीच सांगितली. ती मला ओळखत नव्हती म्हणून बरे. ओळखत असती तर भाऊजींचे अक्षर चांगले आहे म्हणून तिनेही मंजूर केले असते.

तारा बदलल्या. निळे बटण दाबून सोडले. दोन्ही हिरवे दिवे. पोराने सुरूचे बटण दाबले, जड चाक फिरू लागले, धडाक, धडाक, चार-पाच नग निघाले.

''भाऊजी, आता लाल बटण तुम्ही मारा.''

मी मागे सरलो. आजवर मी चालती गोष्ट थांबवलेली नाही. माझ्यामुळे थांबलेल्या पुष्कळ आहेत, पण त्या मुद्दाम नव्हेत. शेवटी डोळे मिटून थाप मारली. हवा सुटल्याचा फुस्स आवाज झाला आणि ठोकळा वरच्या वर, अर्ध्यात, उभा राहिला. बाजूचे चाक मात्र मोटर तुटली तरी आपल्या जडपणाने बराच वेळ फिरत राहिले. मी त्या ठोकळ्याकडे बघत राहिलो. मग पडदा तपासला. पोराने हातातली फुटपट्टी आत घातली, थांबली. दार उघडले, थांबली.

पोराला हे सगळे फारसे आवडलेले दिसले नाही. ''दादा,'' त्याने मेव्हण्याला विचारले, ''दार उघडं असताना थोडं थोडं तरी चालंन ना? नग काढाया टाइम लागतोय.''

''नाही चालणार.''

''मंग नग कमी व्हत्यान.''

''होतील. मालकाशी मी बोलतो, नगाचा आकडा कमी करायला.'' आणि तो खरोखर ऑफिसात गेला, आणि दहा मिनिटे आतून आवाज येत होते. काय ठरले ते त्याने मला सांगितले नाही. परतताना कपाटाला कुलूप लावले. जुना स्विच, जीभ आणि सुतळी पिशवीत टाकली. सुतळी मी मागून घेतली. ही म्हणाली, दिवसभर जाऊन हे आणलेत?

सोमवारी सकाळी मी किबोर्ड उलटा करून ती सेलोटेप सोडवली आणि चिठोरे अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी आधी चिठोऱ्याकडे, मग माझ्याकडे पाहिले.

''काय झालं? माझ्यावर राग आहे का?''

''नाही साहेब. फक्त बदला तो आता. आणि मला सांगू नका.''

''अहो, पण मी चहाला गेलो की लोक खोळंबतील.''

''खोळंबतील,'' मी म्हणालो.

ते काही न बोलता साडेअकराला चहाला गेले. बहुधा मुद्दाम जरा सावकाश गेले. रांग वाढली. पावणेबाराला पुढच्या तिघांनी काचेवर टकटक सुरू केली. चौथे गृहस्थ, हातात पिशवी, उन्हातून आलेले, वाकून खिडकीतून म्हणाले, ''काय हो, मशीन बंद पडलंय का?''

''बंद नाही,'' मी म्हणालो, ''थांबलंय. साहेब येतायत, ते आले की रीसेट होईल.''